भडंगाचं पाकीट फुगतं तिथे गाडीचं काय होतं? उंचावरच्या मिठाच्या पठारांची गोष्ट, सोप्या भाषेत

सांगलीत घेतलेलं भडंगाचं बंद पाकीट मागच्या सीटवर टाकून लडाखला निघालं, तर ५,३२८ मीटर उंचीच्या तांगलांग ला खिंडीपर्यंत ते उशीसारखं टम्म फुगतं. वाटेत त्यात कुणी हवा भरलेली नसते. आतली हवा तेवढीच असते, फक्त बाहेरून दाबणारी हवा निम्म्यावर आलेली असते. त्याच वेळी गाडीच्या टायरात, इंजिनात, रेडिएटरमध्ये, ब्रेकमध्ये आणि आत बसलेल्यांच्या छातीतही हेच चाललेलं असतं. पाकीट तेवढं डोळ्यांना दिसतं.

दर उन्हाळ्यात एमएच-११, एमएच-१० आणि एमएच-५० पाट्यांच्या जीपगाड्या अडीच हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापून लेहकडे जातात. अलीकडे त्यातल्या बऱ्याच जणांच्या यादीत त्सो कार असतं. नावातल्या ‘कार’चा गाडीशी संबंध नाही, त्सो कार म्हणजे पांढरं सरोवर. साधारण ४,५३० मीटरवरचं हे खाऱ्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या काठाला मिठाचा पांढरा पट्टा. मोबाइलवर तो पट्टा सिमेंटच्या रस्त्यासारखा दिसतो. तो तसा का नसतो आणि तिथे नेण्याआधी गाडीचं काय काय बघावं, ते क्रमाने पाहू.

उंचीवर नेमकं काय कमी होतं?

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे अर्धंच खरं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण साताऱ्यात २१ टक्के आणि त्सो कारलाही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठचा दाब १०० धरला तर सुमारे ७४० मीटरवरच्या साताऱ्यात तो ९२ भरतो, महाबळेश्वरला ८५, लेहला (३,५०० मीटर) ६५, त्सो कारला ५७-५८ आणि तांगलांग लावर ५२. दाब कमी म्हणजे हवा विरळ. एका श्वासात किंवा इंजिनाच्या एका घोटात हवेचा ‘माल’ कमी येतो. वाटी तीच, पण भात सैल भरलेला.

इंजिनाची दमछाक

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के घटते. समुद्रकाठी १०० अश्वशक्ती देणारं इंजिन त्सो कारला साठेकच देतं. टर्बो इंजिनात हवा कोंबणारा पंखा असल्यामुळे हा तोटा बराच भरून निघतो, म्हणून ‘आपल्या गाडीला टर्बो आहे, काळजी नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. मेख अशी की टर्बो जोर धरतो तो इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १,८०० ते २,००० झाल्यावर. चढावर, दगडात किंवा वाळूत गाडी जागेवरून उचलताना फेरे त्याच्या खाली असतात. त्या दोन-तीन सेकंदांत टर्बोची गाडीही बिनटर्बोचीच असते. चालक मग हाफ क्लचवर रेटतो आणि पाच मिनिटांत क्लच प्लेटचा जळका वास येतो. यावर उपाय एकच: चार चाकांचा ‘लो’ गिअर (४-एल) वेळेवर टाकायचा. तो गाडी फसल्यावर आठवण्यासाठी नसतो, फसू नये म्हणून असतो.

रेडिएटरची गंमत स्वयंपाकघरातून चटकन कळते. साडेचार हजार मीटरवर पाणी सुमारे ८५ अंशांना उकळतं. म्हणूनच तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं, आत दाब धरून पाण्याला उकळू देत नाही. हा दाब बाहेरच्या दाबात मिळवला जातो, आणि बाहेरचाच कमी झालेला असतो. चांगल्या झाकणानेही उकळण्याचा बिंदू सहा-सात अंशांनी खाली येतो. रबर कडक झालेलं जुनं झाकण असेल तर विचारूच नका. त्यात विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते. साताऱ्यात वर्षभर न कुरकुरलेली गाडी मोरे प्लेन्सच्या (मनाली-लेह रस्त्यावरच्या उंच पठाराच्या) पुढच्या चढावर वाफा सोडते ती यामुळे. निघण्याआधी झाकण नवं टाका. कूलंट अर्धा आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं, हेच प्रमाण ठेवा. वाटेत नळाचं पाणी ओतून पातळ झालेलं कूलंट रात्रीच्या थंडीत गोठतं आणि रेडिएटर फुटतो.

ब्रेकचं मात्र कुणी बोलत नाही. बहुतेक गाड्यांच्या ब्रेकला मदत करणारा डबा (व्हॅक्यूम बूस्टर) बाहेरची हवा आणि आतली पोकळी यांच्या दाबातल्या फरकावर चालतो. बाहेरचा दाब ५७ टक्क्यांवर आला की ही मदतही त्याच हिशेबाने आटते, आणि पेडल घट्ट लागायला लागतं. ब्रेक गेलेले नसतात, पाय जास्त जोराने दाबावा लागतो. उतारावर दुसऱ्या गिअरात इंजिनाच्या ओढीवर गाडी सोडणं हे खंबाटकीच्या घाटापेक्षा तिथे जास्त गरजेचं.

टायर: गेजचा आकडा आणि पंक्चरवाल्याचा सल्ला

टायरचा दाब आपण पीएसआयमध्ये मोजतो. गेजवरचा आकडा म्हणजे टायरातला दाब वजा बाहेरचा दाब. साताऱ्यात ३० अंश तापमानात ३५ भरले, तर आत खरा दाब सुमारे ४८.५ आणि बाहेरचा १३.५ असतो. त्सो कारला बाहेरचा ८.४ वर येतो. म्हणजे गेजने ४० दाखवायला हवेत. पण पहाटे तिथे शून्य अंश असतं, थंडीने टायरातली हवा आकसते, आणि गेज पुन्हा ३५ च्या आसपास येतं. उंचीने दिलेलं थंडीने परत घेतलं!

गोंधळ दुपारी होतो. रस्त्यावर तापून टायर ४० अंशांना पोचला की गेज ४१-४२ दाखवतं. कुणीतरी सांगतं, ‘हवा जास्त झालीय, काढून ३५ करा.’ करायचं नाही. तसं केलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर २९ वर असतो, आणि टोकदार दगडांच्या रस्त्यावर मऊ टायरची बाजू कापली जाते. बाजू कापलेल्या टायरला पंक्चर काढता येत नाही. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, गार टायरवरच बघायची.

मुद्दाम हवा कमी करायची वेळ येते ती मऊ वाळूत. समजा भरलेली गाडी २,२०० किलोची. एका चाकावर ५५० किलो. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास अडीच किलो. हिशेबाने टायर सुमारे २२५ चौरस सेंटीमीटर जमिनीवर टेकतो, साधारण मोठ्या माणसाच्या पंजाएवढा. दाब १८ केला की टेकणारी जागा जवळपास दुप्पट, चांगल्या थोराड भाकरीएवढी होते. वजन तेच, पण पसरलेलं. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटण्याची भीती. हवा कमी असताना वेग ३०-४० च्या वर नको. आणि पुन्हा भरायला बॅटरीवर चालणारा कंप्रेसर हवाच. विरळ हवा कोंबायला त्याला इथल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, मध्ये त्याला गार होऊ द्या.

पांढरी जमीन वाळवा तालुक्यातही आहे

मिठाच्या पठाराचं कोडं कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सगळ्यात लवकर सुटेल. वाळवा, मिरज, पलूस भागात उसाला वर्षानुवर्षं पाटाने पाणी देऊन कितीतरी रानं क्षारपड झाली. जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली. ते पाणी मातीच्या बारीक केशनळ्यांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं वर चढतं. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. वरून जमीन पांढरी, कोरडी, कुरकुरीत. आत कुदळ घातली की हातभर खाली चिखल. अशा रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं, हे तिथल्या कुणालाही विचारा.

त्सो कारचा काठ आणि बोलिव्हियातलं सालार दे उयुनी नावाचं मिठाचं मैदान ही याच गोष्टीची अवाढव्य रूपं. आजूबाजूच्या डोंगरांतून आलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही, कोरडी हवा आणि कडक ऊन ते उडवून नेतात, मीठ साचत जातं. पाणी आटत असताना वर आधी मिठाची साय धरते. साय जाड झाली की तीच खालच्या पाण्यावर झाकण बनते, आणि खालचं खारं पाणी सहजासहजी सुकत नाही. म्हणजे वरचा थर जितका कोरडा दिसतो, तितका खालचा चिखल सुरक्षित झाकलेला असतो.

कुठे पाय ठेवावा याच्या खुणा आहेत. पांढराशुभ्र, खरखरीत आणि षटकोनी कडांचे उंचवटे आलेला थर सहसा टणक असतो. राखाडी किंवा तपकिरी छटा, ओलसर चकाकी, सपाट गुळगुळीत पृष्ठभाग दिसला की थांबा. काठाचा पट्टा नेहमी मधल्या भागापेक्षा वाईट, कारण डोंगरातून उतरणारं गोडं पाणी तिथे पहिल्यांदा मिठाला भेटतं आणि ते विरघळवतं. उयुनीत गाड्या रुततात त्या बहुतेक आत शिरताना आणि बाहेर पडताना. शिवाय तिथल्या मिठात मध्येच भोकं असतात, ज्यांतून खालचं पाणी डोकावतं. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘सालारचे डोळे’ म्हणतात.

टाच आपटून बघायची युक्ती अनेकजण सांगतात. सत्तर किलोच्या माणसाच्या टाचेखाली येणारा दाब फुगलेल्या टायरइतकाच असतो, त्यामुळे टाच रुतली तर गाडी रुतणार हे नक्की. पण उलट खरं नाही. माणसाचं वजन वरच्या बोटभर थरात जिरतं, दोन टनांच्या गाडीचा भार खोलवर पोचतो. म्हणून लोखंडी पहार घ्या आणि दर दहा पावलांवर हातभर खुपसून बघा. पहार थर फोडून सुळकन खाली गेली की विषय संपला.

‘पहाटे सगळं गोठलेलं असतं, तेव्हा निघून जाऊ’ हा आणखी एक भरवसा. कमी खारट चिखल पहाटे खरंच गोठतो आणि गाडी पेलतो. तीच गाडी दुपारी परत येते तेव्हा तो वितळलेला असतो. आणि पुरतं मुरलेलं मिठाचं पाणी तर उणे २१ अंशांपर्यंत गोठतच नाही.

‘पण आमची फोर बाय फोर आहे!’

चारही चाकांना ताकद मिळाली म्हणजे पकड वाढते. गाडी हलकी होत नाही. घसरड्या दगडावर, चढावर फोर बाय फोर सोन्यासारखी. मिठाच्या सायीवर तिचा उपयोग इतकाच की दोनाऐवजी चार चाकं खड्डा करतात. उलट अशा गाड्या जड असतात, वर टपावर कॅरिअर, तंबू, पाण्याचे कॅन. स्थानिक टॅक्सी साध्या असूनही फिरतात, कारण त्यांचे चालक ठरलेली चाकोरी सोडत नाहीत. त्यांचं कसब गाडीत नसून वाटेत आहे.

रुतलीच तर

चाक फिरून गाडी पुढे जाईना, त्या क्षणी अॅक्सिलरेटर सोडा. आणखी रेस दिली की चाक खाली जातं आणि गाडी पोटावर बसते. मग काम दहा मिनिटांचं न राहता अर्ध्या दिवसाचं होतं. सगळ्यांनी उतरायचं, सामान उतरवायचं. चाकांच्या मागचा चिखल फावड्याने उताराच्या आकारात काढायचा, कारण आलेल्या वाटेने मागे जाणं जवळजवळ नेहमी सोपं. टायर १५-१८ वर आणायचे. चाकाखाली रिकव्हरी प्लेट, नसेल तर बारदान किंवा पायदानं. चाक उचलायचं तर जॅकखाली हातभर चौरस, चार सेंटीमीटर जाडीची फळी पाहिजे. नुसता जॅक गाडी न उचलता स्वतःच जमिनीत जातो. मग ४-एल, दुसरा गिअर, हळू.

दुसऱ्या गाडीने ओढताना उसाच्या ट्रॉलीची साखळी वापरायची सवय आपल्याकडे आहे. झटक्याने तुटलेली साखळी काचेतून आरपार जाते. ताणला जाणारा रिकव्हरी पट्टा घ्या, तो चासीच्या ठरलेल्या हुकालाच लावा, टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही. पट्ट्याच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढणाराही नाही. एकट्या गाडीने अशा जागी जाऊच नये, याचं कारण वेगळं सांगायला नको.

‘आम्ही दर रविवारी गड चढतो, आम्हाला काय होतंय?’

यवतेश्वरच्या घाटात मॅराथॉन धावणाऱ्यालाही उंचीचा आजार होतो, आणि पन्नाशीच्या पोटवाल्या काकांना होत नाही. तंदुरुस्तीचा त्याच्याशी जवळपास संबंध नाही. किती वेगाने वर गेलात याच्याशी आहे. महाबळेश्वरला चार दिवस राहून सवय होत नाही, उंची फार कमी पडते. नियम असा: तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस आराम.

म्हणून रस्ता कुठून धरता याला महत्त्व आहे. मनालीकडून गेलं की दुसऱ्या रात्रीच सुमारे ४,३०० मीटरच्या सरचूला झोपायची वेळ येते, आणि त्सो कार लेहच्या आधीच लागतं. श्रीनगर (१,६०० मीटर), कारगिल (२,७०० च्या आत), लेह असा चढ सावकाश आहे. जाताना श्रीनगर, येताना त्सो कार करून मनाली, हा क्रम शरीराला मानवतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही सुरुवात. तिथेच थांबा, आणखी वर नको. बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला, किंवा सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं म्हणजे जिवाला धोका: रात्र असली तरी लगेच पाचशे ते हजार मीटर खाली उतरा. दुकानातला ऑक्सिजनचा छोटा कॅन काही मिनिटं पुरतो; तो उतरण्याला पर्याय नाही. डायमॉक्स (उंचीच्या आजारावरची गोळी) घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, सल्फाची अॅलर्जी असल्यास ते आधी सांगून. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत किंवा तंबूत स्टोव्ह पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वासही नसतो.

डिझेल, युरिया, फोन

ऑक्टोबरनंतर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबवतं. इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं. सपाटीवरचं डिझेल संपवत लेहला पोचा आणि तिथे टाकी भरा. जुन्या चालकांची रॉकेल मिसळायची युक्ती बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत चालत नाही, तिचे इंजेक्टर आणि धूर गाळणारा फिल्टर त्याने खराब होतात. बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरलेलं युरियाचं द्रावणही उणे ११ अंशांना गोठतं. लो गिअरात आणि वाळूत इंधन दीडपट ते दुप्पट लागतं. अॅव्हरेज घाटाचं धरून हिशेब करू नका.

आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि त्सो कारच्या आसपास तेही भरवशाचं नाही. परदेशी सॅटेलाइट फोन किंवा संदेश यंत्र मागवून नेण्याची कल्पना सोडा, भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. मुक्काम आणि परतीची वेळ मागे कुणाला तरी लिहून द्या.

मग मिठावर गाडी घालायची की नाही?

त्सो कारला नाही. २०२० मध्ये ही पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. काळ्या मानेचे क्रौंच इथे घरटी करतात, कियांग म्हणजे जंगली गाढवांचे कळप चरतात, आणि चांगपा मेंढपाळांची कुरणं याच काठाला आहेत. एवढ्या थंड, कोरड्या जागी चाकाचा चर वर्षानुवर्षं बुजत नाही. रस्त्यावर गाडी लावून चालत जा. मीठ तेवढंच पांढरं दिसतं.

मिठावरून गाडी हाकायचीच हौस असेल तर ती उयुनीत फेडावी. ३,६५६ मीटरवरचं दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं हे मैदान आहे, म्हणजे सातारा जिल्ह्याएवढंच जवळजवळ. तिथे स्थानिक चालकासह तीन दिवसांच्या जीपसफरी मिळतात, ज्या पुढे सुमारे ४,२८० मीटरवरच्या लाल पाण्याच्या लागुना कोलोरादाला जातात. पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, मिठावर पाण्याचा पातळ थर साचून आरसा होतो. फोटो सुंदर येतात, पण खालचे ‘डोळे’ दिसेनासे होतात आणि बऱ्याच वाटा बंद राहतात. दोन्हीकडे गॉगल लागतोच, पण गाडी चालवणाऱ्याने ‘कॅटेगरी ३’ काच घ्यावी. ‘४’ इतकी काळी असते की ती लावून वाहन चालवू नये.

गाडीला लागलेलं मीठ

खाऱ्या काठावरून फिरलेली गाडी त्याच दिवशी धुवा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, पाटे, वायरचे सांधे आतून खातं. लेहच्या कोरड्या हवेत हे कळत नाही. गाडी पावसाळ्यात साताऱ्यात आली की गंज धावायला लागतो. गोड्या पाण्याने, कमी जोराने पण भरपूर वेळ, खालून धुवायची. जोरदार फवारा मीठ वायरच्या जोडांत ढकलतो. चासीच्या पोकळ कप्प्यांतून येणारं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत पाइप सोडायचा. रेडिएटरची जाळी पुढून न धुता मागून पुढे धुवा. खालून जळकं ऑइल किंवा डिझेल मारण्याची जुनी पद्धत मात्र टाळा, त्याने रबरी बुश फुगतात आणि महिन्याभरात गाडी खडखडायला लागते.